श्वास ऐकू येतोय

४ तारीख, मंगळवार

धाकटे,

प्रिय वगैरे लिहीत नाही. तुला ते नकोय आणि मला जमत नाही. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं पत्र आहे. अक्षर लागलं तर वाच, नाहीतर तुझ्या त्या सेक्रेटरीकडून वाचून घे.

विद्यापीठाच्या संगीत शाळेनं पत्रक काढलंय. गुळगुळीत कागद, हातातून सटकतो. वर छापलंय, ‘आगामी मैफली आणि आमच्या अलीकडच्या घडामोडी’. घडामोडी काय, तर सभागृहाला मखमलीचे नवे पडदे लागले. त्यांची धूळ कोण झटकणार ते छापलेलं नाही. मीच झटकणार. लांबून एक पाहुण्या आल्या आणि मुलांना रंगमंचावर उभं कसं राहायचं ते शिकवून गेल्या. वीस-वीस वर्षांची घोडी, आईबापांनी उभं राहायला शिकवलं नव्हतं का? गायकवृंदानं स्पर्धेत तिसरा क्रमांक पटकावला. पटकावला म्हणे! वृंद आले होते तीन.

बाकीच्या घडामोडी मी सांगते, त्या छापत नाहीत. ट्रंपेटवाली पोरं तालीम झाली की नळीतली थुंकी जमिनीवर ओततात. तालमीच्या खोलीत कोपऱ्याकोपऱ्यात डबकी. ‘ते पाणी असतं मावशी, वाफेचं,’ असं मला समजावतात. तुमच्या तोंडातून निघालं ना? मग थुंकीच ती. पियानोवर कॉफीचे गोल डाग, व्हायोलिनच्या खोलीत खुर्चीखाली चिकटवलेलं च्युइंगगम. आणि ह्याच हातांनी रात्री मैफलीत डोळे मिटून वाजवायचं, जसं काही देव दिसतोय.

असो. तुझं नाव पहिल्या पानावर आहे. अठ्ठावीस तारखेला वर्धापनदिन, तुझी मैफल. फोटो केवढा! आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘पियानोसाथ’ आणि बाबांचं नाव. जन्म गेला त्या माणसाचा ह्या शाळेत साथ करण्यात, त्याला एवढीच जागा.

शेवटच्या पानावर आणखी एक आहे, ते नीट वाच. ‘ज्येष्ठ साथीदारांच्या निवृत्तीनंतर सभागृहामागील दोन खोल्यांत ध्वनिमुद्रण कक्ष उभारण्याची योजना.’ त्या दोन खोल्या म्हणजे आपलं घर. तू ज्या पलंगाखाली लपायचीस तो पलंग अजून तिथंच आहे. बाबा वाजवतायत तोवर खोल्या आपल्या. ज्या दिवशी शाळेचे प्रमुख म्हणतील ‘आता पुरे’, त्या दिवशी आमचं सामान रस्त्यावर. हे प्रमुख तू गेल्यावर आले. गात नाहीत, वाजवत नाहीत, पण गळ्याला बारमाही मफलर. मी त्यांना मफलरच म्हणते. तोंडावर नाही.

बाबांच्या हातात पत्रक दिलं. त्यांनी कागदावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, ‘छान छापलंय.’ उलटं धरलं होतं.

काम एवढंच की तू पाठवलेल्या सहा गाण्यांपैकी पाच जुनी आहेत, बाबांच्या बोटांत मुरलेली. सहावं नवं आहे, नदीचं. ते काढून टाक. का म्हणून विचारू नकोस. इतकी वर्षं तू आम्हाला काही विचारलं नाहीस, आता सवय कशाला लावून घेतेस?

ताई


११ तारीख, मंगळवार

धाकटे,

उत्तर आलं, पण शाळेच्या कार्यालयात, सेक्रेटरीच्या सहीनं. ‘कलाकार कार्यक्रमात बदल करू इच्छित नाहीत.’ कलाकार! तुझं नाक मी पुसलंय ह्या पदरानं. शेंबूड कुणाचा होता, कलाकाराचाच ना? बाबांना एक ओळ नाही, मला एक ओळ नाही. नदीच्या गाण्याचे सुरांचे कागद मात्र लिफाफ्यात घालून पाठवलेस. किळस आली मला. आई गेली तेव्हाही तू असंच केलंस, तारेनं बांधलेली फुलं पाठवलीस. चार दिवसांनी फुलं कुजली, तार तेवढी राहिली.

आता इथलं ऐक. मफलर काल सभागृहात आले. मी खुर्च्या पुसत होते. म्हणाले, ‘वर्धापनदिनाला बाबांची पानं उलटायला आपण एखादी विद्यार्थिनी उभी करू. जरा बरं दिसेल.’

मी म्हटलं, ‘मी उभी राहिले की वाईट दिसतं का?’

‘तसं नाही ताई. तिला स्वरलिपी वाचता येते, एवढंच.’

‘मला वाचता येत नाही म्हणूनच बाबांना मी लागते. ती पोर आपल्या अकलेनं पान उलटायची. मी बाबांच्या हनुवटीकडे बघते. हनुवटी हलली की पान उलटलं. मला अक्कल नाही, त्यामुळे भानगड नाही.’

हसले. मला वाटलं टळलं. मग जाता जाता पियानोवरचे तुझे कागद उचलून चाळले आणि म्हणाले, ‘नवं गाणं अवघड दिसतंय. बाबांना झेपेल ना? आपले तरुण पियानोशिक्षक तयार आहेत.’ तयार आहेतच ते. इस्त्री करून तयार आहेत. कोण कधी मरतंय ह्याची वाट बघणारी माणसं आहेत सगळी, आणि बोलतात असं मधाळ की मुंग्या लागाव्यात.

तेव्हा हट्टच असेल तुझा, तर ते गाणं तुझ्या आवाजात आणि मागच्या पियानोसकट रेकॉर्ड करून माझ्या फोनवर पाठव. मला ऐकायचंय. होय, मलाच. पडदे झटकताना ऐकेन. लवकर पाठव.

ताई


१६ तारीख, रविवार

धाकटे,

रेकॉर्डिंग मिळालं. ह्या वेळी सेक्रेटरी मध्ये नव्हता, हे लक्षात आलंय माझ्या.

आता लिहितेच. बाबांनी मला आईची शपथ घातली होती की धाकटीला कळवायचं नाही. मोडते शपथ. आई गेलेली आहे, तिला आता काय व्हायचंय!

बाबांना दिसत नाही.

थोडंसं नाही. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आधी सुरांचे ठिपके गेले, मग माझं तोंड. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते परत येत नाही. घर पायाखालचं, सभागृह पायाखालचं, पियानोपर्यंत मी हात धरते, लोकांना वाटतं म्हाताऱ्याला लेकीचा आधार. आणि जुनी गाणी त्यांना पाठ आहेत. नुसते सूर नाहीत, कागद सुद्धा पाठ आहे. पान कुठं संपतं ते आठवून ते हनुवटी हलवतात, मी पान उलटते. समोर कागद आहे, पान उलटतंय, म्हणजे माणूस वाचतोय. एवढ्या शिकलेल्या लोकांपैकी एकानं कधी त्यांच्या डोळ्यांत बघितलं नाही. साथीदाराकडे बघतं कोण? सगळे गाणाऱ्याचा गळा बघतात.

तुझ्या नदीच्या गाण्यानं घोटाळा केला. ते गाणं त्यांनी कागदावर कधी बघितलेलंच नाही. फोन कानाला लावून, गुडघ्यावर बोटं आपटत, तीन दिवसांत बसवलं. जेवताना सुद्धा बोटं ताटाच्या कडेवर. सूर आले, पण पान कुठं संपतं ते त्यांना कसं कळणार? मग हनुवटी कशी हलवणार? मी एक तोड काढलीय. सुरांच्या खाली तुझ्या गाण्याचे शब्द छापलेत. पानावरचा शेवटचा शब्द मी बघून ठेवते आणि तू तो म्हटलास की उलटते. वाचायला मला वेळ लागतो, पण शब्द मोठे आहेत. तिसऱ्या पानावर मात्र शब्दच नाहीत. नुसता पियानो, नुसत्या मुंग्या. तिथं मी काय करू?

शिवाय दुसरी अडचण बाबांनी स्वतः सांगितली. गाणारा कधी सुरू करणार हे साथीदार त्याच्या खांद्यांवरून ओळखतो, नाहीतर श्वासावरून. ह्या शाळेतली पोरं बाबांच्या मागून गातात, त्यामुळे भागून जातं. तू तशी नाहीस. तू थांबतेस, लोंबकळतेस, मनात येईल तेव्हा उडी मारतेस. आणि तुझा श्वास ऐकू येत नाही. बाबाच म्हणाले, ‘रेकॉर्डिंगमध्ये एकदा सुद्धा ऐकू आला नाही. शिकली पोरगी.’

शिकली! कशी शिकली ते मला विचारा. तुझ्या शेवटच्या परीक्षेला भरल्या सभागृहात बाबांनी गाणं मध्येच तोडलं आणि मोठ्यानं म्हणाले, ‘श्वास ऐकू येतोय. पुन्हा.’ तू पुन्हा गायली नाहीस. रंगमंचावरून उतरलीस ती थेट स्टेशनवर. वाईटच वागले ते, मी तेव्हाही त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. पण तू रागावलीस त्यांच्यावर आणि टाकून गेलीस मला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते मी जळले.

ते असू दे. नदीचं गाणं काढ. नाहीतर आजारी पड, गाणारे नेहमी पडतात. बाबा पकडले गेले तर मफलरला खोल्यांसाठी दुसरं निमित्त लागायचं नाही. खोल्यांचंही एक वेळ बघू. पण भरल्या सभागृहात कुणी त्यांना हाताला धरून उठवलं, तर ते घरी येऊन जगायचे नाहीत.

मी तुला सांगितलंय हे त्यांना कळता कामा नये.

ताई


२६ तारीख, बुधवार

धाकटे,

हे पत्र तुझ्या हॉटेलच्या काउंटरवर ठेवून जातेय. वर येणार नाही. तुझं तोंड बघितलं आज, पुरे झालं.

आजच्या तालमीला मीही होते, असं म्हणशील. होतीस, पण तू समोर बघत उभी होतीस. तुझ्या पाठीमागं काय चाललं होतं ते ऐक.

तू आलीस, बाबांना लांबूनच ‘नमस्कार’ म्हटलंस, जसं पोस्टमनला म्हणतात. बाबांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. सकाळपासून दोनदा दाढी केली होती त्यांनी, हनुवटीवर कापलं होतं. तू बघितलंस? नाही. तू तुझी कोमट पाण्याची बाटली शोधत होतीस.

पाच गाणी नीट गेली. नाही म्हणायला दोन ठिकाणी तू उडी मारलीस आणि बाबा केसभर मागं राहिले. मग नदी सुरू झाली. पहिली दोन पानं मी शब्दांवर उलटली. तिसरं पान आलं, मुंग्यांचं. नेमका त्याच वेळी पडद्याच्या कडेला उभा असलेला एक ट्रंपेटवाला नळीचा खटका दाबून माझ्या पुसलेल्या लाकडी फरशीवर थुंकी ओतायला लागला. नव्या पडद्याच्या अगदी बुडाशी! माझं डोकं फिरलं. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघत राहिले आणि पान राहिलं. बाबा वाजवतच होते. पान संपून गेलं, पुढचं सुरू झालं, बाबा आपले वाजवतायत आणि कागद तिसऱ्या पानावर.

आणि तू गाणं तोडून मागं वळलीस. सगळ्यांसमोर. ‘ताई, पान उलट ना! लक्ष कुठं असतं तुझं?’

हसले सगळे. थुंकी ओतणारा सुद्धा हसला. तो!

मफलर लगेच पुढे. ‘मी म्हटलंच होतं, एखादी विद्यार्थिनी घेऊ.’ त्यावर तू म्हणालीस, ‘नको. ऐनवेळी माणसं बदलली की मला त्रास होतो. हिला नीट लक्ष द्यायला सांगा.’ हिला! मग त्यांनी आवाज खाली घेऊन म्हटलं, ‘साथही दोन ठिकाणी मागं पडली. आमचे तरुण शिक्षक तयार आहेत.’ तुला वाटलं मला ऐकू आलं नाही. तू काय म्हणालीस? ‘परवा बघू.’

परवा बघू! बापाला?

सगळं लिहून कळवलं होतं तुला. शपथ मोडून कळवलं होतं. दगडाला सांगितलं असतं तर निदान शेवाळ धरलं असतं. तुझी शिसारी आली मला. तुझ्या रेशमी ओढणीची, तुझ्या त्या कोमट पाण्याची. आणि ह्या सगळ्या जागेचीच, जिथं माणूस आतून कसाही असो, सूर लागला की मोठा.

घरी जाताना बाबांनी विचारलं, ‘कशी दिसते गं?’ मी म्हटलं, ‘जाड झालीय.’ झाली नाहीस. मुद्दाम म्हटलं.

ताई


२९ तारीख, शनिवार

धाकटे,

सकाळपासून सभागृह झाडतेय. पाय दुखतात. मोठ्या लोकांची घाण मोठी असते. खुर्च्यांखाली चुरगळलेली पत्रकं, तुझ्या फोटोवर कुणाच्या तरी बुटाचा ठसा. मफलरच्या बायकोनं अख्ख्या मैफलीत गोळ्यांचे कागद कुरकुर वाजवत सोडले आणि जिथल्या तिथं टाकले. तीच बाई जिन्यात मैत्रिणीला म्हणत होती, ‘नाव मोठं, लक्षण खोटं. श्वास केवढा ऐकू येत होता! लोहाराचा भाता बरा. एवढ्या मोठ्या गायिकेला कुणी शिकवलं नाही का?’ मी तिच्या पायावरून बादली नेली. थोडी सांडली. सांडू दे.

काल ऐनवेळेपर्यंत मला वाटत होतं की तू बाबांना उठवणार. तो तरुण पियानोवाला कोट घालून पडद्याआड उभा होता. मी बाबांना बाकावर बसवलं, कागद लावले, डाव्या हाताला उभी राहिले. त्यांचे हात गार पडले होते. तू आलीस. टाळ्या. तू मफलरकडे बघून फक्त मान हलवलीस, आणि तो कोटवाला जागच्या जागी राहिला.

मग तू श्वास घेतलास.

धाकटे, शेवटच्या रांगेत पोचला असेल तो. नाकानं, तोंडानं, खांद्यानं, सगळ्या अंगानं घेतलास. बाबांचे हात पियानोवर हवेत थांबलेले. मला वाटलं, आता बोलणार. आता म्हणणार, ‘श्वास ऐकू येतोय. पुन्हा.’ तोच माणूस, तीच जागा. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसली.

आणि हात खाली आले. तुझा सूर आणि त्यांचा सूर असे एका वेळी पडले की मध्ये सुई शिरली नसती.

सहाच्या सहा गाण्यांत तू तसाच श्वास घेतलास. दर ओळीला, दर उडीआधी. पहिल्या रांगेतले शिक्षक एकमेकांकडे बघायला लागले. एकानं कपाळाला हात लावला. तुला ते समोर दिसत होतं, तरी तू थांबली नाहीस. नदीच्या गाण्यात तिसरं पान आलं, मुंग्यांचं. मी कागदाकडे बघितलंच नाही, तुझ्या पाठीकडे बघत राहिले. पियानो एकटा वाजत होता. पान कुठं संपतं मला कळेना. आणि तू गायचं नसताना श्वास घेतलास. नुसताच. सूर नाही, शब्द नाही, फक्त श्वास. मी पान उलटलं. बाबा वाजवत राहिले.

तालमीतलं मला तेव्हा कळलं, तिथं उभ्या उभ्या. तू माझ्यावर ओरडलीस म्हणून सगळे माझ्याकडे बघून हसले. बाबांकडे कुणी बघितलंच नाही. आधी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? पण आपल्या घरात सरळ बोलायची पद्धत नाही. मागच्या पत्रातलं मी काही परत घेत नाही. कोमट पाण्याची शिसारी येतेच मला. फक्त दगड म्हटलं होतं, ते खोडून टाक.

मैफल संपल्यावर बाबांनी तुझ्यासाठी हात पुढे केला, तो चुकीच्या बाजूला. तिथं कुणीच नव्हतं. मफलर बघत होते. तू गुपचूप सरकलीस आणि त्या हाताखाली जाऊन उभी राहिलीस, जसं काही पहिल्यापासून तिथंच होतीस. बाबांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, मग कानावर, मग खांद्यावर. ‘जाड नाही झालीस,’ म्हणाले. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी कागद गोळा करायला लागले. मग गाडी आली, तू गेलीस.

आज मफलर मला जिन्यात भेटले. तोंड कडू कारल्यासारखं. ‘तुमच्या बहिणीनं पुढच्या वर्षीची तारीख दिलीय,’ म्हणाले, ‘पण अट घातलीय. साथीला बाबाच, आणि पानं तुम्हीच उलटायची. बघू, ध्वनिमुद्रण कक्षाचं काम एक वर्ष पुढं जाईल.’ मी म्हटलं, ‘जाऊ दे की. आणि तेवढं ट्रंपेटवाल्यांना एक-एक फडकं घ्यायला सांगा.’

काल रात्री बाबा बराच वेळ पलंगावर बसून होते. बोटं मांडीवर, नदी चालू होती. मी दिवा मालवायला गेले. त्यांना दिवा असला काय नि नसला काय, पण मी रोज मालवते. तर म्हणाले, ‘तू तिला सांगितलंस ना?’

मी दिवा मालवला.

‘शपथ मोडलीस.’

‘मोडली,’ मी म्हटलं. ‘काय करणार आहात?’

त्यांची बोटं मांडीवर थांबली. मग म्हणाले, ‘तिला पत्र लिहिशील तेव्हा माझं एक कळव. पुढच्या वेळी एवढा मोठा श्वास घेऊ नकोस म्हणावं. मला कान आहेत.’

निरोप पोचवला. उत्तर सेक्रेटरीकडून आलं तर फाडून टाकेन.

ताई